रोझहिपचा चहा आणि अंबाडीचा चहा: रंग एकाचा, नाव दुसऱ्याचे

वनौषधींच्या चहाच्या ज्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत ‘रोझहिप’ असे छापलेले असते, त्यांतली पुडी गरम पाण्यात सोडली की बहुधा गडद लाल आणि चांगलेच आंबट पेय तयार होते. पिणारा तो रंग व ती चव गुलाबाच्या फळाचीच आहे असे धरून चालतो. प्रत्यक्षात अशा पेल्यातला बराचसा लाल रंग आणि आंबटपणा अंबाडीच्या बोंडांचा असतो, कारण ही दोन द्रव्ये एकत्र करून विकण्याची पद्धत युरोपात चांगली रुळलेली आहे. चवीच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नाही. औषधी गुणांच्या बाबतीत मात्र ही सरमिसळ दिशाभूल करते, कारण या दोघांची ख्याती वेगवेगळ्या कारणांसाठी आहे.

गुलाबाचे फूल गळून गेल्यावर देठाच्या टोकाशी जो भाग फुगतो आणि पिकून लाल-नारिंगी होतो, तो रोझहिप. औषधासाठी प्रामुख्याने रोझा कॅनिना या रानगुलाबाची फळे वापरतात. युरोपात आणि पश्चिम आशियात तो शेताच्या कुंपणांतून आणि रानाच्या कडेने वाढतो. फळाचा रंग लायकोपीन, बीटा-कॅरोटीन यांसारख्या द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये तेलात विरघळतात, पाण्यात उतरत नाहीत, आणि म्हणूनच निव्वळ रोझहिपचा चहा फिकट नारिंगी आणि सौम्य आंबट होतो. अंबाडीच्या बोंडांतील अँथोसायनिन ही लाल रंगद्रव्ये मात्र पाण्यात लगेच विरघळतात. पेला माणकासारखा लाल दिसला, तर त्यात अंबाडी आहे असे समजायला हरकत नाही.

ही अंबाडी आपल्या ओळखीचीच आहे. हिबिस्कस सब्दारिफा म्हणजे लाल अंबाडी. तिचे फूल गळल्यावर जो निदलपुंज, म्हणजे फुलाच्या तळाचा पेल्यासारखा भाग, मांसल व लाल होतो, त्यालाच आपण बोंड म्हणतो आणि त्याचे सरबत, चटणी किंवा जॅम करतो. इजिप्त व सुदानमध्ये हेच पेय करकदे, सेनेगलमध्ये बिसाप, तर मेक्सिकोत हमाइका या नावाने प्यायले जाते. ‘हिबिस्कस चहा’च्या पाकिटावर पुष्कळदा जास्वंदीचे चित्र असते, पण देवपूजेची जास्वंद ही त्याच प्रजातीतली निराळी जात आहे आणि तिच्या पाकळ्या म्हणजे हा चहा नव्हे.

रोझहिपचा औषधी इतिहास लांबलचक आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील वनौषधीतज्ज्ञ निकोलस कल्पेपर यांनी या फळांचा साखरेतला मुरांबा पोट बांधण्यासाठी व पचनासाठी सांगितला आहे. जर्मन घरगुती उपचारांत फळाच्या सालीचा चहा सर्दी-पडशावर, तर नुसत्या बियांचा चहा लघवी साफ होण्यासाठी देत आले आहेत. तुर्कस्तानात हा चहा हिवाळ्यात घरोघरी होतो आणि स्वीडनमध्ये या फळांचे दाट, गोडसर सूप करतात. क जीवनसत्त्वाचा शोध लागल्यानंतर या परंपरेला एक ठोस आधार मिळाला, कारण ताज्या फळात ते संत्र्याच्या कित्येक पट असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनमध्ये लिंबूवर्गीय फळांची आवक घटली, तेव्हा १९४१ पासून सरकारने मुलांना व स्वयंसेवकांना कुंपणांतली रानफळे गोळा करायला लावली आणि त्यांचे सिरप लहान मुलांसाठी पुरवले. मला या सिरपची सरकारी कृती फार शहाणपणाची वाटते. फळे भरड चिरताच उकळत्या पाण्यात टाकायची, म्हणजे चिरल्यामुळे मोकळे होणारे विकर (एन्झाइम) क जीवनसत्त्व नष्ट करण्याआधीच निष्प्रभ होते. आणि मग रस कापडातून दोनदा गाळायचा, म्हणजे बियांभोवतीची बारीक टोचरी लव पोटात जात नाही. ही लव घशाला आणि आतड्याला खाजवते. घरी अख्ख्या फळांचा काढा करणाऱ्याने आजही ही गाळणी टाळू नये.

वाळवणे, साठवणे आणि उकळणे या प्रत्येक टप्प्यावर क जीवनसत्त्व घटत जाते. त्यामुळे ताज्या फळाचे आकडे पुडीतल्या चहाला लावता येत नाहीत. रोझहिपने सांधेदुखी कमी होते या दाव्याबाबतही तीच काळजी घ्यायला हवी. २००८ साली तीन चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांत एकूण २८७ संधिवातग्रस्त होते आणि त्यांपैकी रोझहिपची भुकटी घेणाऱ्यांना वेदनेत थोडा उतार मिळाल्याचे दिसले. पण त्या चाचण्या भुकटीवर झाल्या होत्या, चहावर नाही. भुकटी पोटात जाते तेव्हा फळ सालीसकट जाते, चहात मात्र पाण्यात उतरेल तेवढेच मिळते.

अंबाडीच्या बाबतीत उलट आहे: तिच्यावरचा एक महत्त्वाचा प्रयोग चहावरच झाला. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किंचित वाढलेला रक्तदाब असलेल्या ६५ प्रौढांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन पेले अंबाडीचा चहा दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला. बाकीच्यांना दिलेल्या, तशाच दिसणाऱ्या व तशाच चवीच्या बनावट पेयाने तो १.३ अंकांनीच उतरला. करकदे रक्तदाब उतरवते हा लोकसमज निराधार नाही, असे यावरून म्हणता येते. क जीवनसत्त्वाचा साठा म्हणून मात्र वाळलेल्या बोंडांकडे पाहू नये.

म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूची घटकद्रव्यांची यादी वाचणे आवश्यक ठरते; तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि ‘रोझहिप’ नाव मिरवणाऱ्या मिश्रणात पहिले नाव हिबिस्कसचे असू शकते. रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस असा चहा दिवसातून तीन-चारदा निर्धास्तपणे पीत असेल, तर तो नकळत अंबाडीची मात्रा घेत असतो आणि गोळीचा परिणाम वाढून रक्तदाब अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकतो. गरोदरपणीही अंबाडीचा चहा नियमित पिणे टाळावे असा सल्ला दिला जातो. अशा व्यक्तींनी डॉक्टरांना चहाचे नाव सांगून थांबू नये, त्यातले घटक वाचून दाखवावेत.