दैनिक उष्मांक-लक्ष्य : वजन घटवण्यासाठी, इंदूरच्या मराठी घरांच्या संदर्भात

वजन कमी करू पाहणाऱ्या प्रौढ व्यक्तीने दिवसभराच्या खाण्यापिण्यातून किती ऊर्जा घ्यावी याचा आधी ठरवून घेतलेला आकडा म्हणजे दैनिक उष्मांक-लक्ष्य. बोलताना लोक ‘कॅलरीचं टार्गेट’ म्हणतात. आहाराच्या हिशेबातली कॅलरी ही प्रत्यक्षात किलोकॅलरी असते. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. हा आकडा शरीराच्या रोजच्या खर्चापेक्षा कमी हवा, पण प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजे पुरतील इतका मोठाही हवा. या दोन हद्दींमधली जागा वाटते तेवढी रुंद नसते. बैठे काम करणाऱ्या, कमी उंचीच्या, चाळिशीपुढच्या स्त्रीसाठी तर ती फारच चिंचोळी असते.

इंदूरमध्ये हा हिशेब थोडा वेगळ्या ताटावर मांडावा लागतो. अठराव्या शतकात होळकरांच्या फौजेबरोबर आणि कारभाराबरोबर मराठी कुटुंबे इथे आली. त्यांच्या घरी वरण-भात, पोळी-भाजी, थालीपीठ, पुरणपोळी हे सगळे टिकले, आणि माळव्याचे पोहे-जिलबी, कचोरी, दाल-बाफले (डाळीबरोबर खायचे कणकेचे गोळे), सेवही त्याच डायनिंग टेबलावर आले. पुण्या-मुंबईकडच्या आहारतक्त्यांत सेवेला रकाना नसतो. इंदुरी घरात तो नसेल तर तक्ता पहिल्याच आठवड्यात खोटा पडतो.

आकडा कसा काढतात

काहीही न करता नुसते पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालू ठेवायला जी ऊर्जा लागते, तिथून सुरुवात होते. ती काढण्यासाठी १९१९ पासून हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र वापरात होते. १९९० मध्ये मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आले आणि आज बहुतेक आहारतज्ज्ञ व मोबाइल अ‍ॅप तेच वापरतात. किलोमधल्या वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाची पाचपट वजा करावी. मग पुरुषासाठी ५ मिळवावेत, स्त्रीसाठी १६१ वजा करावेत. आलेल्या आकड्याला दिवसभराच्या हालचालीच्या गुणकाने गुणले की रोजचा एकूण खर्च मिळतो. बैठ्या जीवनासाठी हा गुणक १.४ च्या आसपास धरतात.

इंदूरच्या सुदामानगरात राहणारी, बँकेत काम करणारी ४२ वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेऊ. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. सूत्राने तिचा विश्रांतीतला खर्च सुमारे १३३५ कॅलरी येतो आणि १.४ ने गुणल्यावर साधारण १८७०. त्यातून ४०० वजा केल्या की लक्ष्य १४७०. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने आठवड्याची २८०० कॅलरींची तूट म्हणजे सुमारे साडेतीनशे ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला अर्धा किलोची घट सुरक्षित मानली जाते, म्हणजे ही गती त्या आतली आहे. ऐकायला ती कमी वाटते. लग्नसराईच्या आधी महिनाभरात आठ किलो उतरवू पाहणाऱ्यांना तर ती हास्यास्पदच वाटेल. तरीही घरचे जेवण चालू ठेवून झेपणारी गती साधारण एवढीच असते.

सूत्राच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र अमेरिकेतल्या ४९८ निरोगी माणसांच्या मोजमापावरून बांधलेले आहे. पाश्चात्त्य नमुन्यांवर बेतलेली सूत्रे भारतीयांच्या बाबतीत बहुधा थोडा जास्तच आकडा देतात, कारण त्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. तुलनेसाठी, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये ठरवलेली बैठ्या कामाची रोजची गरज ५५ किलोच्या स्त्रीसाठी १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषासाठी २११० कॅलरी आहे. ही गरज वजन आहे तसे राखण्यासाठीची आहे. अनेक पाकिटांच्या मागे छापलेला २००० चा आकडा वाचून ‘मला दोन हजार चालतात’ असे समजणारी ५५ किलोची गृहिणी रोज तीनशेहून अधिक कॅलरींच्या शिलकीत जाते.

मुळात वजन घटवायची गरज आहे का, हेही भारतीय मापानेच पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषात बीएमआय (किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ च्या पुढे गेला की वजन जास्त. भारतीयांसाठी मात्र २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असणे ही पोटावरच्या चरबीची खूण आहे. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचा बीएमआय २८.८ आहे. तिने थेट २३ चे स्वप्न पाहण्याची गरज नाही. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे साडेतीन ते सात किलो उतरले तरी रक्तदाब आणि रक्तातली साखर यांत फरक पडू लागतो.

किती खाली जावे

स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये, हा डॉक्टरांत रूढ असलेला ढोबळ नियम. राष्ट्रीय पोषण संस्था वजन घटवण्याच्या आहाराची खालची मर्यादा १००० कॅलरी सांगते. ८०० च्या खालचे आहार केवळ वैद्यकीय देखरेखीखाली देतात. फार झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, स्नायू झिजतात, दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, पाळी अनियमित होते. केस गळायला लागले की शाम्पू बदलला जातो. तीन महिन्यांपूर्वीचा आहार कोणाला आठवत नाही.

त्याच आकड्याचा अर्थ माणसागणिक किती बदलतो, याचा एक जुना दाखला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना रोज साधारण १५७० कॅलरी मिळत आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावे लागे. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले, ते चिडचिडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. त्या उंच, सडपातळ, चालत्याफिरत्या पुरुषांसाठी उपासमार असलेला हा आकडा सुदामानगरच्या बँकेतल्या बाईंसाठी वाजवी लक्ष्य ठरतो. म्हणूनच मैत्रिणीचा किंवा यूट्यूबवरच्या प्रशिक्षकाचा आकडा उचलून आपल्याला लावण्यात अर्थ नाही.

इंदुरी ताटाचा हिशेब

सकाळच्या पोह्यांवर उगीचच खापर फोडले जाते. इंदुरी पोहे वाफेवर धरलेले असतात, त्यांना तेल बेताचेच लागते. पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या, कांदा-लिंबू-जिरावन मसाला घातलेल्या प्लेटीत दोनशे ते अडीचशे कॅलरी असतात, आणि न्याहारीला त्या काही जास्त नाहीत. गडबड वरून होते. सेवेत १०० ग्रॅमला साधारण ५५० कॅलरी असतात, त्यामुळे वीस ग्रॅमची भुरभुर ११० ची भर घालते. सोबतची दोन वेढी जिलबी दोनशेच्या आसपास. म्हणजे पोह्यांहून जास्त किंमत पोह्यांच्या सोबत्यांची होते. इंदूरच्या माणसाला सेवेशिवाय पोहे खा म्हणणे व्यर्थ आहे. डब्यातून थेट ओतण्याऐवजी चमच्याने घालणे मात्र जमते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मूठ-मूठ खाल्लेली सेव हा वेगळा विषय. तीस ग्रॅमची एक मूठ म्हणजे १६५ कॅलरी, आणि मेघदूत उपवनात अर्धा तास झपाझप चालून ७२ किलोची व्यक्ती एवढ्या कॅलरी जेमतेम खर्च करते.

तेल चमच्याने मोजायला गेले की फसगत होते, कारण फोडणी कोणी मोजून घालत नाही. त्यापेक्षा किराण्याच्या यादीकडे पाहावे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलातून जातात. पोळीवरचे, वरण-भातावरचे तूप त्याखेरीज. चहाचेही तसेच. फुल क्रीम दुधाचा, दोन चमचे साखरेचा कप शंभरच्या घरात जातो. दिवसाला चार कप म्हणजे एक जेवण झाले. टोन्ड दूध आणि एक चमचा साखर एवढ्या बदलाने रोजच्या दीडशेएक कॅलरी वाचतात, आणि भूक त्याने वाढत नाही. पोळी कमी करण्याआधी हे करावे.

उपवासाचा दिवस हलका असतो, ही समजूत एकादशीला सर्वांत महाग पडते. साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, थोडा बटाटा आणि दोन चमचे तूप अशी एक वाटी खिचडी पावणेपाचशेच्या आसपास जाते. इंदूरकडच्या पद्धतीने वर फरियाली (उपवासाचे) मिक्श्चर घातले तर सहाशे. प्रथिने त्यात जी काही असतील ती दाण्यांची, साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. वरी तांदूळ आणि ताक त्या मानाने बरे.

बाफल्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उकडून, भाजून, तुपात बुडवलेले दोन बाफले डाळ-लाडवाआधीच सातशेच्या पुढे नेतात. ते रविवारी दुपारी खावेत आणि रात्री ताकावर राहावे. इंदूरची बहुतेक घरे हिशेब न करताही हेच करतात.

सराफा आणि आठवड्याचे गणित

इंदूरच्या सराफा बाजारात दागिन्यांची दुकाने रात्री बंद झाली की त्यांच्या ओट्यांसमोर खाण्याची दुकाने लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, हिवाळ्यात तळलेले गराडू (एक कंद), मालपुवा, रबडी. नातेवाईक आले की त्यांना इथे आणणे हा इंदुरी आतिथ्याचा भाग आहे, आणि ‘मी फक्त बघते’ म्हणणाऱ्या यजमानीणबाईंवर कोणी विश्वास ठेवत नाही. जेवून आल्यावर हे दुसरे जेवण असते, आणि इथेच रोजच्या काटेकोर लक्ष्याचा फज्जा उडतो. एक रात्र चुकली की ‘आता सोमवारपासून’ म्हणून मधले दोन दिवसही सोडून दिले जातात. नुकसान खरे त्या दोन दिवसांत होते.

यावर आठवड्याचे लक्ष्य हा उपाय आहे. १४७० ला सातने गुणले की १०,२९० होतात. शनिवारी २०७० घेतल्या तर उरलेल्या सहा दिवसांच्या वाट्याला प्रत्येकी १३७० येतात, आणि त्या पाळता येण्याजोग्या आहेत. शनिवारसाठी शुक्रवारभर उपाशी राहणे मात्र टाळावे. रात्री दहाला रिकाम्या पोटी सराफ्यात उभे राहून कोणी मोजूनमापून खाल्ल्याचे ऐकिवात नाही.

प्रथिने

कॅलरी कमी केल्या की ताटातले प्रथिनांचे प्रमाण वाढवावे लागते, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. सर्वसाधारण निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरते. वजन उतरवताना १.२ ग्रॅमच्या आसपास सुचवतात. शाकाहारी मराठी घरात हे अवघड जाते, कारण वाटीभर पातळ वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात. मोडाची मटकी, पिठले, मुगाचे धिरडे, दही यांनी भर पडते. माळवा हा सोयाबीनचा प्रदेश आहे, देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदूरलाच आहे. तरी घराघरांत सोयाच्या बड्यांकडे नाक मुरडले जाते. तीस ग्रॅम कोरड्या बड्यांतून सुमारे पंधरा ग्रॅम प्रथिने शंभर कॅलरींत मिळतात. रस्साभाजीत किंवा भरडून थालीपिठात त्या खपून जातात.

आकडा दुरुस्त करणे

सूत्रातून येतो तो पहिला अंदाज. खरा आकडा वजनकाटा सांगतो, पण एका सकाळचा नाही. खारट खाणे, पाळीचे दिवस, आदल्या रात्रीचा भात यांनी वजन एक-दीड किलोने सहज हलते. शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायूंत व यकृतात साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरल्याचा आनंद बहुतांशी पाण्याचाच असतो. म्हणून सकाळी उठल्यावर, एकाच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि तीन-चार आठवड्यांच्या सरासऱ्या पाहाव्यात. त्या ढिम्म हलत नसतील तर लक्ष्य शंभर-दीडशेने उतरवण्याआधी नोंदी तपासाव्यात. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात (१९९२) ‘१२०० खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांचे खाणे मोजले, तेव्हा त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी नोंदवल्याचे दिसले. त्यांची चयापचय गती मंद नव्हती. भाजी चाखणे, मुलाच्या ताटातले उरलेले संपवणे, आग्रहाचा पेढा हे कुठेच लिहिले जात नाही.

वजन उतरले की खर्चही उतरतो. आपल्या उदाहरणातली स्त्री ६४ किलोवर आली की तिचा रोजचा खर्च सुमारे १७६० होतो, आणि १४७० वर तूट ४०० ची राहत नाही, २९० ची होते. गती मंदावणे हे त्यामुळे अपेक्षितच असते. अशा वेळी आणखी कापण्यापेक्षा चालणे आणि वजने उचलण्याचा व्यायाम वाढवावा. घड्याळाने दाखवलेल्या ‘जाळलेल्या’ कॅलरी खाण्याच्या खात्यात परत जमा करू नयेत. ती उपकरणे बऱ्याचदा जास्त मोजतात.

कोणकोणी लक्ष्य स्वतः ठरवू नये

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तूट ठेवत नाहीत, उलट गरज वाढते : गरोदरपणात रोज ३५० आणि बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत ६०० जादा कॅलरी अशी भारतीय शिफारस आहे. अठरा वर्षांखालची मुले, बीएमआय १८.५ च्या खाली असलेले, खाण्याच्या मानसिक विकारातून गेलेले, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी घरगुती गणिताच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी, कारण खाणे घटले आणि मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या घरच्या ज्येष्ठांनाही हेच लागू आहे. वजन घटवणे हा त्यांचा हेतू नसला तरी त्यांच्या शरीराला तूट तीच जाणवते.