जर्मनीत जुन्या पोर्शला फायबरचा मागचा स्पॉयलर : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

जुन्या पोर्श ९११ ला बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला मागचा स्पॉयलर लावायचं मनात असेल, तर पहिला फोन वाहन-तपासनिसाला करा. भाग मागवायचं नंतर बघू. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं. इंजिनाचं फायबरचं झाकण (हा स्पॉयलर त्यातच घडवलेला असतो) आधी घरी आलं, दिसायला देखणं होतं, पण सोबत एका ओळीचाही कागद नव्हता. पुढचे पाच महिने ते तळघरात पडून राहिलं. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि या भागात नोकरीला येऊन जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडणारी मराठी माणसं मला बरीच भेटतात. त्यांचे तरी हे पाच महिने वाचावेत म्हणून सगळं नीट लिहून काढतो आहे.

उदाहरणाला १९७३ ची ९११ टी घेऊ. कारखान्यातून ती स्पॉयलरशिवाय निघाली, इंजिन २.४ लिटरचं, १३० अश्वशक्तीचं. लावायचं आहे ते त्याच काळातल्या कॅरेरा आरएस २.७ च्या घडणीचं फायबरचं झाकण.

परवानगी कशासाठी?

जर्मनीतल्या वाहन नियमावलीचं, म्हणजे एसटीव्हीझेडओचं, कलम १९ इथे लागू होतं. रस्त्यावरच्या इतरांना धोका होऊ शकेल असा बदल गाडीत केला, की गाडीची 'बेट्रीब्सएरलाउबनिस', म्हणजे रस्त्यावर चालवायची मान्यता, संपते. त्यासाठी कोणी नोटीस पाठवत नाही. बोल्ट आवळले त्या क्षणी ती संपलेली असते. मागचा स्पॉयलर या कलमात सहज बसतो: वेगात सुटला तर मागून येणाऱ्याच्या काचेवर जाईल, कडा धारदार असली तर सायकलस्वाराला कापेल, हवेचा दाब बदलला तर गाडीचा तोल बदलेल.

ही काळजी इथे आजची नाही. १९७३ च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलला शर्यतीसाठी मागे मोठा पंख हवा होता, पण जर्मन रस्त्यांवर तो चालत नव्हता. म्हणून पंख गाडीला न जोडता डिकीत ठेवून दिला जायचा. पोर्शने झाकणाच्याच आकारात स्पॉयलर ओतला. ५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांनी या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात कॅरेरा आरएस २.७ लोकांपुढे आणली. शर्यतीच्या मान्यतेसाठी ५०० गाड्या बनवणं भाग होतं. प्रत्यक्षात १,५८० बनल्या. ही सालं लक्षात ठेवा. पुढे अर्जात तीच तुमच्या बाजूने बोलणार आहेत.

भागासोबत कोणता कागद आहे, त्यावर वाट ठरते

सगळ्यात सोपी वाट 'आ-बे-ए'ची, म्हणजे त्या भागाला केंद्रीय वाहन कार्यालयाने दिलेल्या सर्वसाधारण मान्यतेची. भागावर त्या कार्यालयाचा, म्हणजे केबीएचा, क्रमांक उमटवलेला असतो आणि कागदात तुमच्या गाडीचं मॉडेल छापलेलं असतं. अटी पाळून बसवला की बहुतेक वेळा कागद गाडीत ठेवणं पुरतं. मात्र कागदात 'बसवल्यावर तपासणी करावी' अशी अट असेल तर ती करावीच लागते. जुन्या ९११ च्या फायबर झाकणाला असा कागद मिळणं दुर्मीळ आहे.

दुसरा 'टाइलेगुटआख्टेन', म्हणजे त्या भागाचा तज्ज्ञ-अहवाल. कोणत्या गाड्यांना, कोणत्या अटींवर हा भाग चालेल ते त्यात असतं. भाग बसवला की लगेच ट्यूफ, डेक्रा, जीटीयू किंवा केयूएस या तपासणी-संस्थांच्या तपासनिसाकडून बसवणीची तपासणी करून घ्यायची. अहवाल सुटा ठेवून दिला आणि तपासणी केलीच नाही, तर त्याचा उपयोग शून्य. ही चूक फार लोक करतात.

यातलं काहीच नसेल तर कलम २१ ची 'आइन्त्सेलआबनामे', म्हणजे एकट्या तुमच्या गाडीची स्वतंत्र तपासणी. तज्ज्ञ अहवाल लिहितो आणि नोंदणी कार्यालय त्यावरून नवी मान्यता देतं. इथे तपासनीस निदान फायबरचा साहित्य-अहवाल मागतोच. काचतंतू आणि रेझिन कोणतं, ताण किती सोसतं, आणि मुख्य म्हणजे तुटलं तर कसं तुटतं, धारदार भाले होऊन की बोथट तुकडे होऊन, हे त्यात हवं. हा अहवाल उत्पादकाकडेच असतो. एका सुट्या झाकणासाठी तो स्वतः करवून घेणं परवडत नाही, कारण चाचणीत नमुने मोडावे लागतात. म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: साहित्य-अहवाल देता का, आणि त्यावर माझ्या भागाची खूण आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा, किंमत कितीही चांगली असो.

एच-प्लेट असलेल्या गाडीसाठी वेगळी पात्रता

सुरक्षिततेची परीक्षा पास झाली तरी जुन्या गाडीची दुसरी परीक्षा उरते. १९९७ पासून जर्मनीत जुन्या गाड्यांना 'एच' अक्षराची नंबर-प्लेट मिळते. एच म्हणजे 'हिस्टोरिश', ऐतिहासिक. त्यासाठी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्याला किमान ३० वर्षं झालेली हवीत, ती बरीचशी मूळ रूपात हवी, चांगल्या स्थितीत हवी आणि वाहनांचा सांस्कृतिक वारसा जपणारी हवी. फायदे ठोस आहेत: चारचाकीला वर्षाला सरसकट १९१.७३ युरो कर आणि शहरांतल्या पर्यावरण-पट्ट्यांत, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या भागांत, हिरव्या स्टिकरशिवाय प्रवेश. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाडीचा नेहमीचा कर याहून कितीतरी जास्त होतो, म्हणून एच गमावणं खिशाला जाणवतं.

मूळ रूपात म्हणजे एकही स्क्रू बदललेला नको असा अर्थ होत नाही. २०११ च्या तपासणी-निकषांनी 'त्या काळाशी सुसंगत' बदलांना जागा ठेवली आहे. गाडीच्या पहिल्या नोंदणीनंतरच्या दहा वर्षांत जो बदल झाला, किंवा होऊ शकला असता, तो मान्य होऊ शकतो. आपल्या ९११ टीची पहिली नोंदणी १९७३ ची, म्हणजे खिडकी १९८३ पर्यंत. बदकशेपटी १९७२ पासून अस्तित्वात आहे, तेव्हा ती आत बसते. १९६६ च्या ९११ लाही बसते, कारण तिची खिडकी १९७६ पर्यंत आहे. पण याच १९७३ च्या गाडीवर नव्वदच्या दशकातल्या ९११ चा पंख चढवला तर तो दहा वर्षांच्या बाहेर जातो, आणि एच धोक्यात येतं. पहिल्या नोंदणीची तारीख तुमच्या नोंदणीपत्रात 'बी' या रकान्यात आहे. सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

'होऊ शकला असता' हे तुम्हालाच दाखवून द्यायचं असतं. त्या वर्षांचा सुट्या भागांचा कॅटलॉग, विक्रीची माहितीपत्रकं, त्या काळच्या मोटार-मासिकांतले फोटो, यांच्या प्रती काढून नेल्या की बोलणं फार सोपं होतं. मी चार पानांची फाइल केली होती आणि तपासनिसाने ती गाडीकडे बघायच्या आधी वाचली. शेवटचा निर्णय त्याच्या विवेकाचा आहे, आणि दोन तपासनिसांची मतं वेगळी असू शकतात. म्हणूनच ज्याच्याकडे तपासणी करणार त्याच्याशीच आधी बोला, आणि जुन्या गाड्यांची जाण असलेला माणूस शोधा.

एच आधीच मिळालेलं असेल तरी निष्काळजी राहू नका. दर दोन वर्षांच्या मुख्य तपासणीत गाडी अजून एच-योग्य आहे का, हेही पाहिलं जातं.

तपासनीस काय पाहतो, आणि म्हणून बसवायचं कसं

९११ ची डिकी पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे आपण बदलतो ते इंजिनाचं झाकण. इंजिन हवेवर थंड होतं. नव्या झाकणाची जाळी मूळ जाळीपेक्षा अरुंद असेल तर नुकसान तपासणीत नाही, घाटात कळेल. जाळीचं माप आधी घ्या.

झाकण रंगवण्याआधी कच्चंच बसवून बघा. ताज्या फायबरला पूर्ण सुकायला वेळ द्यावा लागतो. घाईने रंगवलं तर काही महिन्यांनी उन्हात कापडाची वीण रंगातून वर उमटते. फटी सारख्या येण्यासाठी बिजागऱ्यांच्या भोकांत थोडी हालचाल असते, तिचा उपयोग करा. फायबर घासून आकार आणायची वेळ शेवटची, आणि घासाल तेव्हा तोंडाला मास्क हवाच. काचतंतूंची धूळ छातीत जाते आणि हातांना दोन दिवस खाज सुटते. भोक पाडायचं असेल तर वर चिकटपट्टी लावून, चकचकीत बाजूने, धारदार ड्रिलने, दाब न देता पाडा. नाहीतर वरचा थर चिरतो. बोल्टाखाली रुंद वॉशर किंवा धातूची पट्टी द्या. फायबर एका बिंदूवरचा भार सहन करत नाही, भोक हळूहळू लंबगोल होतं आणि झाकण खडखडू लागतं. तपासनीस झाकण दोन्ही हातांनी धरून हलवतो, तेव्हा ते पहिल्यांदा कळतं.

बाहेरच्या कडांवर तो बोट फिरवतो. गाडीच्या बाहेर येणाऱ्या भागांच्या युरोपीय नियमांत कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर धरलेली आहे. शेपटीची वरची कडा सुबक दिसावी म्हणून घासून पातळ केली, तर तिथेच अडाल. रुंदी मूळ पत्र्याच्या बाहेर जाऊ नये, दिवे आणि नंबर-प्लेट झाकले जाऊ नयेत, आरशातून मागचं दिसावं. उत्पादकाची खूण झाकणाच्या आतल्या बाजूला असते. तिच्यावर रंग मारू नका! वाचता न येणारा क्रमांक म्हणजे अहवाल दुसऱ्याच कुठल्या भागाचा असू शकतो, आणि तपासनीस तसंच धरतो.

पुढच्या ओठाचा मुद्दाही बहुतेक वेळा निघतो. आरएसला मागे शेपटी होती तशी पुढच्या बंपरखाली पट्टीही होती. फक्त मागचा भाग हवेने दाबला गेला की पुढची चाकं त्या मानाने हलकी होतात, आणि ९११ चं पुढचं टोक वेगात आधीच हलकं. पुष्कळ अहवालांत 'पुढच्या स्पॉयलरसोबतच' अशी अट असते. ती वाचूनच ऑर्डर द्या. नोंदणीपत्रातल्या 'टी' रकान्यातला कमाल वेगही तो अहवालातल्या वेगाशी ताडून पाहतो.

कागदपत्रं आणि क्रम

तपासणीला जाताना नोंदणीपत्राचा भाग १, भागाचा अहवाल किंवा साहित्य-अहवाल, बसवणीच्या सूचना, खरेदीची पावती आणि वर सांगितलेले त्या काळचे पुरावे घ्या. सगळं आधी ई-मेलने पाठवून भेटीची वेळ मागा. शुल्क केंद्राप्रमाणे आणि लागणाऱ्या वेळेप्रमाणे बदलतं, तेही त्याच ई-मेलमध्ये विचारा. एच पहिल्यांदाच घ्यायचं असेल तर त्यासाठी लागणारा कलम २३ चा अहवालही त्याच दिवशी करून घेता येतो. मान्यता संपलेल्या गाडीतून तपासणीला जायचं कसं, ही शंका मलाही होती. नवी मान्यता मिळवण्याशी थेट संबंध असलेला प्रवास आहे त्या नंबर-प्लेटवर करायला कलम १९ परवानगी देतं. थेट म्हणजे थेट. वाटेत तलावाकाठी चक्कर नको.

नंतर नोंदणी कार्यालय, म्हणजे 'त्सुलासुंग्सश्टेले'. तिथे नोंदणीपत्राचा भाग १ आणि मालकीचा भाग २, तपासणीचा अहवाल, चालू मुख्य तपासणीचा दाखला आणि ओळखपत्र लागतं. आपल्या लोकांनी पासपोर्टसोबत पत्त्याचा दाखला, 'मेल्डेबेशाइनिगुंग', जरूर न्यावा. पासपोर्टावर जर्मन पत्ता नसतो. प्लेट एचची करायची असेल तर जुन्या प्लेटा, विमा असल्याची खात्री देणारा विमा कंपनीचा सात अक्षर-अंकांचा ईव्हीबी क्रमांक आणि कर बँकेतून वळता करण्याचं संमतिपत्रही लागतं. दुसऱ्याला पाठवणार असाल तर सहीचं मुखत्यारपत्र द्या. कलम २१ ची वाट असेल तर या कार्यालयाची पायरी लगेच चढावी लागते. टाइलेगुटआख्टेनच्या वाटेत मात्र नोंद लगेच करायची की पुढच्या कामाच्या वेळी चालेल, हे तपासणीच्या दाखल्यावरच लिहिलेलं असतं. तोवर तो दाखला गाडीत ठेवा. नोंद झाली की ती रकाना २२ मध्ये दिसते. विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणि मूळ पत्र्याचं झाकण विकू नका. उद्या गाडी विकताना किंवा एचवर प्रश्न आला तर तेच तुम्हाला सोडवील.

महाराष्ट्रात हेच करायचं असेल तर

तिथला नियम जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी दिली, पण सांगाडा, बॉडी आणि इंजिनात बदल न झालेल्या गाड्यांनाच. दहा वर्षांच्या खिडकीसारखी सोय तिथे नाही. स्पॉयलर गाडीचा मूळचाच असेल तर कारखान्याचा कागद शोधून राज्याच्या समितीपुढे ठेवा. नंतर लावलेला असेल तर अर्जाआधी उतरवून मूळ झाकण चढवा. अर्ज परिवहन पोर्टलवर नमुना २० मध्ये करायचा. सोबत विमा, आयात केलेल्या गाडीचं बिल ऑफ एन्ट्री किंवा भारतातली जुनी आरसी जोडायची. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळायला हवं. नव्या क्रमांकात एमएचनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.