लोकसहभागी ऑनलाइन नकाशा : नागपूर शहर

वस्तीतल्या लोकांना मोबाइलवर उघडून स्वतः खूण करता येईल, फोटो जोडता येईल आणि इतरांच्या नोंदी वाचता येतील असा नकाशा. पाणी कुठे तुंबते, पथदिवे कुठे बंद आहेत, मोकळ्या भूखंडावर काय हवे, अशा प्रश्नांवर लोकांचे म्हणणे जागेसह गोळा करण्यासाठी तो वापरतात. निवेदनात ‘आमच्या भागात पाणी साचते’ एवढेच लिहिले जाते. नकाशावर तेच म्हणणे ठरावीक चेंबरपाशी येऊन थांबते, आणि मग ते टाळणे अवघड होते.

केनियातील निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराची नोंद ठेवण्यासाठी 2008 मध्ये उभे राहिलेले ‘उशाहिदी’ हे संकेतस्थळ या पद्धतीचे गाजलेले उदाहरण. खुणांच्या खाली दिसणारा पायाभूत नकाशा बहुधा ओपनस्ट्रीटमॅप या 2004 मध्ये सुरू झालेल्या, लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाचा असतो. भारतात 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी नकाशे करण्यास लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली.

नागपुरात खरी अडचण पत्त्यापासून सुरू होते. गुंठेवारीतल्या आणि नंतर वसलेल्या अनेक लेआउटमध्ये गल्लीला नावच नसते. पत्ता ‘प्लॉट क्र. 42, अमुक लेआउट’ असा असतो. असा पत्ता टाइप करून शोधला की नकाशाला तो सापडत नाही आणि खूण थेट शहराच्या मध्यावर पडते. शेकडो नोंदींचा ढीग एकाच बिंदूवर दिसला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. त्यामुळे लोकांकडून नोंदी मागण्याआधी नकाशावर ओळखीच्या खुणा भराव्यात : बुद्ध विहार, हनुमान मंदिर, पाण्याची टाकी, आटाचक्की, जुना पानठेला. पत्ता शोधण्यापेक्षा ‘विहाराच्या मागची दुसरी गल्ली’ असे म्हणत उपग्रहचित्रावर बोट ठेवणे लोकांना सोपे जाते. नावे वस्तीत बोलतात तशीच लिहावीत. नोंदीत ‘मलनिःसारण वाहिनी’ असे लिहिले तर भरणारा अडखळतो, ‘गडरलाइन चोक’ लिहिले की लगेच कळते.

साधने : पन्नास-शंभर नोंदींसाठी यूमॅप किंवा गूगल माय मॅप्स पुरते. माय मॅप्समध्ये एका नकाशाला 10 थर (एका प्रकारच्या नोंदींचा वेगळा संच म्हणजे थर) आणि एका थरात 2,000 नोंदी अशी मर्यादा आहे. घरोघर फिरून भरायचे असेल तर कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवर प्रश्नावली भरण्याचे साधन बरे; ते इंटरनेट नसतानाही चालते आणि नोंदी नंतर पाठवते. मोबाइलचे जीपीएस मोकळ्या मैदानात 3 ते 10 मीटरपर्यंत अचूक असते, पण इतवारी-महालच्या अरुंद गल्ल्यांत उंच भिंतींमुळे खूण सहज दोन-तीन घरे सरकते. तिथे जीपीएसवर विसंबू नये, खूण हाताने जागेवर ओढावी. स्मार्टफोन न वापरणाऱ्यांसाठी ए-3 कागदावर 1:2,000 प्रमाणात छापलेला नकाशा न्यावा. एका पानात सुमारे 840 × 590 मीटरचा भाग मावतो, त्यावर पेनाने खुणा करून घ्याव्यात आणि त्याच संध्याकाळी संगणकावर चढवाव्यात.

प्रश्नांचे प्रकार पाच-सहाच ठेवावेत. पाणी तुंबण्याची नोंद कशी असावी हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण नागपूरचा हा सर्वांत दुखरा प्रश्न आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेच्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा नोंदीत खोली सेंटिमीटरमध्ये विचारू नये. घोटा, गुडघा, कंबर असे पर्याय द्यावेत. पाणी किती तास थांबले हे विचारावे. आणि ते कुठून आले, हे तर विचारायलाच हवे. न्हाणीघराच्या जाळीतून वर आले असेल तर गडरलाइन तुंबली किंवा तिच्यावर दाब आला. रस्त्यावरून आत आले असेल तर बहुधा नवा सिमेंट रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला. मागून आले असेल तर नाल्याची भिंत पाहावी लागते. तिन्हींवरचे उपाय वेगळे, अनेकदा जबाबदार विभागही वेगळा. तिन्ही एकाच निळ्या ठिपक्यात कोंबली तर नकाशा देखणा दिसतो, पण कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून एकही काम काढता येत नाही.

तांत्रिक चुका नेहमीच्याच. नकाशावरच्या नोंदी साठवणाऱ्या जिओजेसन फाइलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश लिहितात. क्रम उलटला की नागपूरचे 21.15, 79.09 हे ठिकाण उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांपाशी उमटते. एक्सेलमधून काढलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्याची साधी मजकूर फाइल) देवनागरी फुटते, म्हणून जतन करताना यूटीएफ-8 ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडावी. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. संपादनाची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. कोणाच्याही हातून थर पुसला जाऊ शकतो. आठवड्यातून एकदा फाइल उतरवून ठेवावी.

जाहीर थरात नाव, मोबाइल क्रमांक, घराच्या आतले फोटो येऊ देऊ नयेत. बंद पथदिव्यामुळे किंवा छेडछाडीमुळे असुरक्षित वाटणाऱ्या जागांची नोंद महिलांकडून घेताना तर ही काळजी दुप्पट : नोंद निनावी ठेवावी आणि खूण घरावर न ठेवता चौकावर ठेवावी. आयुध निर्माणी, वायुसेनेचा परिसर, कामठी छावणी यांच्या आतल्या नोंदी घेऊ नयेत. नकाशा शहराच्या पातळीपलीकडे लहान होणार नाही अशी मर्यादा घालावी, म्हणजे देशाच्या सीमा चुकीच्या दाखवल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ठिपके कमी म्हणजे त्रास कमी, असा अर्थ काढू नये. चांगले इंटरनेट आणि सवड असलेल्या वस्तीतून ठिपके भरभरून येतात. ज्या वस्तीत सकाळी सातलाच माणसे कामावर निघतात तिथला भाग कोरा राहू शकतो. त्यावर एकच उपाय, तिथे माणूस पाठवणे : रात्री आठनंतर किंवा रविवारी, महिला बचत गटाच्या बैठकीला जोडून. उन्हाळ्यात दुपारी फिरणे टाळावे. 45 अंशांत माणूस थकतो आणि मोबाइलही तापून बंद पडतो.

लोक दुसऱ्यांदा नोंद करतात ती पहिलीला उत्तर मिळाले तरच. म्हणून प्रत्येक ठिपक्याला क्रमांक, तारीख आणि स्थिती असावी : नोंदली, तपासली, झोन कार्यालयाला दिली, काम झाले, काम नाकारले. नाकारल्याचे कारणही त्याच ठिकाणी लिहावे. महापालिकेचे दहा झोन, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग यांपैकी रस्ता कोणाचा, हे दाखवणारा वेगळा थर आधीच केला तर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत नाही. वीसेक मीटरच्या आतल्या एकसारख्या नोंदी एकत्र कराव्यात, पण नोंदणाऱ्यांची संख्या कायम ठेवावी. ‘काम झाले’ ही स्थिती नोंद करणाऱ्याने किंवा शेजाऱ्याने पुढच्या मोठ्या पावसानंतर जागेवर पाहून कायम करावी. तोवर ठिपका पिवळाच, म्हणजे खात्री बाकी असलेला, ठेवावा.