दोन मिनिटं, दहा ग्रॅम तेल आणि मसाल्याची पुडी

इन्स्टंट नूडल्सची कोरडी वडी मोडून त्यातली एक तार भिंगाखाली धरा. ती भरीव नसते. तुटलेल्या टोकाला बारीक बारीक छिद्रं दिसतात, जाळीदार धिरड्यासारखी. ‘दोन मिनिटांत तयार’ हा सगळा कारभार त्या छिद्रांवर चालतो, आणि नूडल्सबद्दलची निम्मी तक्रारही तिथूनच सुरू होते.

कारखान्यात मैद्याचं पीठ लाटून, कापून, नागमोडी करून आधी वाफेवर शिजवतात. म्हणजे पिठातला स्टार्च तिथेच शिजलेला असतो. मग ही वडी १४० ते १६० अंशांच्या तेलात मिनिट-दोन मिनिटं बुडते. तोवर तिच्यात ३० ते ४० टक्के पाणी असतं, ते वाफ होऊन धडाधड बाहेर पडतं आणि पाच टक्क्यांच्या खाली येतं. वाफ निघून गेली की मागे पोकळ्या राहतात आणि त्यांत तेल शिरतं. पुढे आपल्या पातेल्यात उकळतं पाणी याच पोकळ्यांतून आत जातं. मुळात शिजलेला पदार्थ फक्त भिजायचा असतो, त्यामुळे वेळ लागत नाही. वेग आणि तेल या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ७० ग्रॅमच्या पाकिटात साधारण दहा ग्रॅम स्निग्धांश असतो. तेल बहुधा पामचं, म्हणजे त्यातलं जवळजवळ निम्मं संपृक्त (सॅच्युरेटेड).

ही युक्ती मोमोफुकू आंदो यांची. ओसाकाजवळच्या इकेदा गावात घरामागच्या शेडमध्ये ते प्रयोग करत होते. बायको तेंपुरा (पिठात बुडवलेली जपानी भजी) तळत असताना पिठातून बुडबुडे फुटताना पाहिले आणि कोडं सुटलं, असं ते सांगत. २५ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांच्या निस्सिन कंपनीचं ‘चिकन रामेन’ बाजारात आलं. भारतात मॅगी आली १९८३ मध्ये. आधी शिजवा, मग वाळवा, हे सूत्र तसं आपल्याला नवं नव्हतंच. कुरडईसाठी गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून पाडून उन्हात घालतात ते दुसरं काय? फरक इतकाच की वाळवायचं काम ऊन करतं, त्यामुळे तळेपर्यंत तिच्यात तेल नसतं.

कारखान्यालाही हे करता येतं, उन्हाऐवजी गरम हवेवर. अशा न तळलेल्या नूडल्स ७० ते ९० अंशांच्या हवेत अर्ध्या तासाहून अधिक वेळ वाळवतात. पोकळ्या कमी, म्हणून शिजायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. पण स्निग्धांश तीन टक्क्यांच्या आसपास राहतो, तळलेल्यांत तो १५ ते २० टक्क्यांपर्यंत जातो. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय छापलंय ते सोडून द्या. मागे ‘१०० ग्रॅममागे’ या रकान्यात फॅटचा आकडा पाहा, दहा सेकंदांत उलगडा होतो. माझ्या मते नूडल्स खायच्याच असतील तर एवढा एक बदल पुष्कळ आहे.

नूडल्सवर मेणाचा थर असतो, ही जुनी अफवा आहे. पहिलं पाणी फेकल्यावर त्यावर जो तवंग दिसतो तो तेलाचा आणि पाणी गढूळ दिसतं ते सुट्या स्टार्चमुळे. पाणी फेकून फायदा होतो तो थोडाच. वरवरचं तेल आणि वडीतलं काही मीठ जातं, पण पोकळ्यांत बसलेलं बरंचसं तेल हलत नाही.

तेलापेक्षा मला काळजी वाटते ती मिठाची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ. आपल्याकडच्या एका छोट्या पाकिटात बहुधा ७०० ते १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसाचा निम्मा वाटा एका बशीत संपला, आणि अजून भाजी-आमटी, लोणचं, पापड बाकी आहेत. यातलं काही वडीत असतं, पण बरंचसं त्या चमकत्या पुडीत. आणि आपण नूडल्स खातो त्या पाणी आटवून. सगळं मीठ तारांना चिकटून पोटात जातं. कच्च्या नूडल्स चुरून त्यावर पुडी भुरभुरवणाऱ्या शाळकरी मंडळींबद्दल तर बोलायलाच नको.

गंमत म्हणजे लोक मिठाला घाबरत नाहीत, अजिनोमोटोला, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटला घाबरतात. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या मुरलेल्या, सुपासारख्या चवीला उमामी म्हटलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, मुरलेल्या चीजमध्ये असतं. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम, अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हा मुख्य आरोप दोन होते. एक मर्यादेपेक्षा जास्त शिशाचा, दुसरा ‘अजिनोमोटो घातलेलं नाही’ या छापील दाव्याचा. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांच्या मान्यतेचाच प्रश्न निघाला, आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवून नव्याने तपासणी करायला सांगितलं. नव्या तपासणीत नमुने पास झाले आणि नोव्हेंबरात पाकिटं दुकानात परतली. त्या सगळ्या महिन्यांत शिसं आणि अजिनोमोटो यांवर वाद झडले. मीठ मात्र कुणाच्या लेखी नव्हतं.

मग अर्धीच पुडी घालायची? घाला, पण नुसती अर्धी घातली तर नूडल्स पाणचट लागतात आणि पुढच्या वेळी आपण मुकाट्याने पूर्ण पुडी फाडतो. ही जागा चवीने भरावी लागते, आणि त्याची वाट पाकिटच दाखवतं. घटकांच्या यादीत बऱ्याचदा ‘६३५’ हा आकडा असतो. ते इनोसिनेट आणि ग्वानिलेट या दोन चव वाढवणाऱ्या घटकांचं मिश्रण. १९६०च्या सुमारास अकिरा कुनिनाका यांनी दाखवून दिलं की ग्लुटामेटच्या जोडीला यांतलं काही आलं, तर उमामी चव दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. हीच जोडी घरी जमवता येते. ग्लुटामेट टोमॅटोतून, ग्वानिलेट मशरूममधून, विशेषतः वाळवलेल्या. मांसाहार करत असाल तर चिकन-माशांत इनोसिनेट असतंच.

म्हणून क्रम असा ठेवावा. चमचाभर तेलात कांदा, लसूण, मशरूम परतून त्यांचं पाणी आटू द्यायचं, मग टोमॅटो मऊ होईपर्यंत. गाजर, मटार, फरसबी घालून त्या अर्धवट शिजल्या की मोजकं पाणी आणि वडी. पुडी अगदी शेवटी, गॅस बंद करताना, आणि अर्धीच. मसाल्याचा वास उडून जात नाही आणि खारटपणा तारेच्या आत मुरण्याऐवजी वर राहतो, जिभेला आधी लागतो. वरून लिंबू पिळायचं. आंबटपणामुळे कमी मीठही पुरेसं खारट वाटतं. भाज्यांतलं पोटॅशियम सोडियम शरीराबाहेर टाकायला मूत्रपिंडांना मदत करतं, हा वरचा फायदा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पोटॅशियमचं गणित डॉक्टरांना विचारूनच करावं.

पाकिटात प्रथिनं साधारण सहा ग्रॅम. एक अंडं फोडून घातलं की तेवढीच आणखी मिळतात. अंडं चालत नसेल तर उकडलेली मोडाची मटकी किंवा पनीर घाला. शेंगदाण्याचं कूटही चांगलं लागतं, वाटलं तर एकदा करून बघा. मुलांना एकेक पाकीट देण्याऐवजी एक वडी दोघांत आणि उरलेली बशी भाजीने भरलेली, हा हिशोब मला जास्त पटतो.

सापळेही आहेत. ‘पौष्टिक’ करायला म्हणून लोक प्रोसेस्ड चीजची क्यूब किसतात, शेजवान चटणी घालतात, सोया सॉस ओततात. लहान चमचाभर सोया सॉसमध्येच ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. अर्धी पुडी वाचवलेली तिथेच खर्च. विकतच्या कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असतं, हे विसरायला होतं.

आटा आणि नाचणी-ज्वारीच्या नूडल्सचं काय? भरडधान्यांत ग्लुटेन नसतं, त्यामुळे तार तुटते, आणि ती धरून ठेवायला बऱ्याच कंपन्या गहू किंवा मैदा मिसळतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. तेव्हा यादीत पहिलं नाव कुणाचं, ते बघा. आटा असला म्हणजे तळलेला नाही, असंही नव्हे.

अलीकडे पोरांना कोरियन पाकिटांचं वेड आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासात १०,७११ प्रौढांची माहिती होती. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा इन्स्टंट नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांत मेटाबॉलिक सिंड्रोमचं (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर अशा गोष्टी एकत्र वाढलेल्या असण्याचं) प्रमाण जास्त आढळलं, पुरुषांत तसं दिसलं नाही. अशा अभ्यासातून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. पण त्या मोठ्या पाकिटांपैकी अनेकांत सोडियम १,५०० मिलिग्रॅमच्या पुढे असतं, हे छापलेलंच असतं. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे ती सुपासकट खायची असतात आणि विरघळलेलं मीठ बरंचसं सुपात उतरतं. हॉस्टेलच्या खोलीत नुसती किटली असली तरी एवढं जमतं: किटलीत आधी अंडं उकडून घ्यायचं, ताज्या उकळत्या पाण्यात नूडल्स भिजवायच्या, पुडी अर्धीच सोडायची, तारा आणि अंडं खायचं, आणि वाडग्यातलं सूप बेसिनमध्ये ओतायचं.