पेटुनियाच्या पांढऱ्या फुलापासून कोलेस्टेरॉलच्या इंजेक्शनपर्यंत

कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनच इंजेक्शनं घ्यायची असं औषध आहे म्हटलं की लोकांना आधी पटतच नाही. पण इन्क्लिसिरान तसंच आहे (पहिल्या वर्षी एक डोस जास्त, एवढंच), आणि ते इथवर कसं आलं हे बघायला एका फुलापाशी जावं लागतं.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड जोर्गेन्सेन आणि त्यांचे सहकारी पेटुनियाचा जांभळा रंग अजून गडद करायला बघत होते. रंग बनवणाऱ्या जीनची एक जादा कॉपी झाडात घातली, म्हणजे रंग वाढायला हवा ना, तर झालं भलतंच, बरीच फुलं पांढरीफटक उमलली आणि काही अर्धी पांढरी अर्धी जांभळी. घातलेला जीन गप्प झालाच, झाडाचा स्वतःचाही गप्प झाला. का, ते तेव्हा कुणालाच नीट सांगता येईना.

उलगडा व्हायला लागला १९९८ ला, जेमतेम एक मिलिमीटरच्या सी. एलिगन्स नावाच्या जंतात. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याच्या स्नायूच्या एका जीनशी जुळणारा आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू) टोचला. एकेरी धाग्यानं विशेष काही होईना, दुहेरी टोचला तर पिल्लं थरथरायला लागली, तो जीन बिघडलेले जंत थरथरतात अगदी तशीच! पुढे कळलं की पेशीतलं डायसर हे एन्झाइम दुहेरी आरएनएचे बारीक तुकडे करतं, त्यातला एक धागा प्रोटीनच्या यंत्रणेत जाऊन बसतो आणि जुळणारा मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा जीनचा निरोप नेणारा आरएनए, सापडला की तो कापला जातो. जीन जागच्या जागी असतो, त्याचा निरोप तेवढा पोचत नाही.

माणसाच्या पेशीत मात्र लांब दुहेरी आरएनए घातला की पेशीला वाटतं व्हायरस आला, आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे व्हायरसविरुद्ध धोक्याची घंटा वाजवणाऱ्या प्रोटीन्सचा, कल्लोळ. २००१ ला जर्मनीत थॉमस टुशल यांच्या टीमनं थेट २१ अक्षरांचे तयार तुकडे घातले आणि ते कल्लोळ न होता चाललं. २००६ ला फायर-मेलोंना नोबेल मिळालं, कंपन्यांनी पैसा ओतला.

आणि गाडी तिथेच अडकली. नुसता आरएनए रक्तात सोडला की एन्झाइम्स तो फाडतात, उरलेला किडनी गाळून टाकते, पेशीत शिरणं तर लांबच. २०१० ला रोशसारख्या बड्या कंपनीनं यातून अंग काढून घेतलं. मला वाटतं जे याही काळात चिकटून राहिले त्यांचं नाव नोबेलइतकंच घ्यायला हवं, कारण पोचवायची वाट त्यांनी शोधली. आधी चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळून, ज्यातून ऑगस्ट २०१८ मध्ये पॅटिसिरान हे या पद्धतीचं पहिलं औषध मंजूर झालं. लिव्हरमध्ये बनणारं बिघडलेलं ट्रान्सथायरेटिन हे प्रोटीन मज्जातंतूंमध्ये साचतं अशा आनुवंशिक आजारावर ते, दर तीन आठवड्यांनी सलाईनसारखं शिरेतून द्यायचं. मग गॅलनॅक ही साखर आरएनएला जोडली, लिव्हरच्या पेशी ती ओळखून आत ओढून घेतात, म्हणून कातडीखाली साधं इंजेक्शन पुरतं. इन्क्लिसिरान याच वाटेनं जाऊन पीसीएसके९ (लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलू न देणारं प्रोटीन) बनणं रोखतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल जवळपास निम्मं होतं, आणि युरोपात ते २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालं.

मेंदू, स्नायू, हृदय इथं पोचायचं काम अजून चालूच आहे, तिथल्या पेशींना गॅलनॅकची ओळख नाही.