सिगारेट सोडलीत? पहिल्या तीन आठवड्यांसाठी हा कागद जवळ ठेवा

नौपाडा, ठाणे येथील आमच्या मेडिकलच्या गिऱ्हाइकांसाठी

सिगारेट सोडलेला माणूस आमच्या काउंटरवर बहुधा तिसऱ्या दिवशी येतो. मागतो डोकेदुखीची गोळी. बोलता बोलता त्याचा हात दोन-तीनदा शर्टाच्या खिशाकडे जातो आणि रिकामाच परत येतो. "सोडल्यापासून उलट जास्तच आजारी वाटतंय हो," म्हणतो. त्याला जे सांगतो, तेच इथे छापलं आहे.

रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणून शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच शरीर ते मागू लागतं. डोकं जड होणं, चिडचिड, झोपमोड, सारखी भूक, कामात लक्ष न लागणं, पोट साफ न होणं, हे सगळं त्यातूनच येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वात जास्त असतो, बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. भूक तेवढी जास्त दिवस टिकते. पोटासाठी भरपूर पाणी, भाकरी, पेरू आणि रात्री इसबगोल. सुरुवातीला खोकला वाढला तर घाबरू नका, श्वासनलिका साचलेला कफ बाहेर टाकू लागलेली असते.

चहाचं मात्र नीट वाचा, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन लवकर निकालात काढतं. धूर थांबला की तेच कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं. म्हणजे दिवसाला सहा कटिंग पिणाऱ्याला त्याच सहा कटिंगने धडधडतं, हात थरथरतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर. चहा निम्म्यावर आणा, संध्याकाळनंतर नकोच. पहिले काही दिवस तो घरीच प्या. स्टेशनबाहेरच्या टपरीवर ग्लास हातात आला की दुसरा हात आपोआप सिगारेट शोधतो.

तलफ आली की ती काही मिनिटंच जोरात असते. तेवढा वेळ काढायचा आहे. पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, तलावपाळीच्या बाजूला असाल तर चालत सुटा. सिगारेटऐवजी मावा किंवा मिश्री धरू नका, त्यातही तंबाखूच आहे.

तलफ भागवायला थोडं निकोटीन देणारा औषधी गम मिळतो, त्याला निकोटीन गम म्हणतात. तो घेणाऱ्यांपैकी बरेचजण तो साध्या च्युइंगगमसारखा चघळतात. मग उचक्या, जळजळ, मळमळ होते आणि पाकीट कपाटात पडतं. पद्धत अशी: तोंडात झणझणेपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झणझण गेली की पुन्हा थोडं चावा. असं अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, थुंकीबरोबर गिळलं तर फुकट जातं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर ४ बद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. गरोदर महिला आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी कोणताही गम विचारल्याशिवाय घेऊ नये.

इन्सुलिन, दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल, तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा. डोस बदलावा लागू शकतो, पण तो स्वतः बदलू नका. छातीत दुखलं तर ते सोडण्याचा त्रास समजून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. मन फार खचलं, जीव नकोसा वाटला, तरीही तसंच.

बोलावंसं वाटलं तर तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची मोफत फोनसेवा (क्विटलाइन) आहे: १८००-११-२३५६. आणि गम पहिल्यांदाच घेत असाल तर काउंटरवर तसं सांगा. पहिला गम आमच्यासमोरच तोंडात टाका, कधी चावायचं आणि कधी थांबायचं ते तिथेच दाखवतो.