दात आंबतात तेव्हा

हरभरा घाट्यावर आला की मराठवाड्यात बांधावर बसून डहाळे सोलण्याचे दिवस येतात. हिरवे दाणे खाता खाता दात आंबतात, आणि घरी येताच चुलीतल्या राखेने किंवा मिश्रीने ते खसाखसा घासले जातात. घासल्याने आंबटपणा निघतो व दात घट्ट होतात, असा समज आहे. प्रत्यक्षात दात घासण्यासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते व तिच्या टोकांशी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. पहाटे पिकावर फडके फिरवून पिळून ठेवतात ती ‘आंब’ हीच. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. या खनिजाच्या स्फटिकाच्या प्रत्येक एककात दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल असतात. लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असल्यामुळे एरवी हा स्फटिक सुटत नाही. मात्र तोंडातला सामू (पीएच; हा अंक जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की आम्लातले हायड्रोजन आयन लाळेतल्या हायड्रॉक्सिलचे पाणी करतात, फॉस्फेटलाही धरून ठेवतात, आणि लाळेत पडलेली ही तूट भरण्यासाठी स्फटिकातूनच माल बाहेर पडू लागतो. सामूचा एक अंक म्हणजे दहा पट, त्यामुळे २.५ सामूच्या लिंबाच्या रसात हे आयन ५.५ च्या मानाने हजार पट असतात. अशा वेळी दाताचा अगदी वरचा, काही मायक्रॉनचा थर पोखरल्यासारखा मऊ होतो. लाळ तो हळूहळू पुन्हा कडक करते, पण नेमक्या त्याच वेळात राखेतले खरखरीत कण तो खरवडून नेतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असल्याने गेलेला थर परत येत नाही. खालचे पिवळसर डेंटिन दिसू लागते, गार पाण्याने कळ येते आणि दात पिवळे दिसतात म्हणून माणूस आणखी जोराने घासतो. मोबाइलवर जाहिरात होणारी कोळशाची पेस्ट ही या बाबतीत मिश्रीचीच महागडी बहीण आहे.

आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, अर्धा-एक तास थांबावे आणि मग मऊ ब्रश, हलका हात. रात्री दात खाण्याची सवय किंवा जुनी आम्लपित्ताची तक्रार असेल तर दंतवैद्यांना तसे सांगावे.

पेस्टमधले फ्लोराइड हायड्रॉक्सिलची जागा घेते व असा स्फटिक सामू ४.५ पर्यंत उतरेतो टिकतो. नांदेड, बीडकडच्या काही गावांत मात्र बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तिथल्या मुलांच्या दातांवर दिसणारे तपकिरी डाग मळ समजून राखेने घासले जातात; पण ते दात हिरडीच्या आत घडत असतानाच बसलेले असतात, घासून निघत नाहीत.